‘थडी’चे बहात्तर अंक

पद्माकर निगडकरला साताऱ्याच्या शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. त्यानंतर आयुष्यात त्याला कशाचंच बक्षीस मिळालं नाही. ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा करून तो १९६९ साली इंग्लंडला आला, नॉटिंगहॅमला कौन्सिलच्या रस्ते खात्यात चिकटला आणि अठरा वर्षं राउंडअबाउटांचे, गटारांचे आणि फुटपाथांचे नकाशे काढत राहिला. बायको सीमा बुटांच्या दुकानात कामाला होती. मुलगी रश्मी शाळेत जायची. जेवणं आटोपली की पद्माकर जिन्याखालच्या छोट्या टेबलाशी बसून कविता लिहायचा. सात वह्या भरल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकांना तो दरवर्षी कविता पाठवायचा, आणि दरवर्षी त्या एकतर परत यायच्या किंवा परतही यायच्या नाहीत.

तो कवी आहे हे नॉटिंगहॅममध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं अक्षर मात्र सगळ्या मिडलंड्समधल्या मराठी माणसांना ठाऊक होतं. मुंजीची आमंत्रणं, मंडळाच्या गणपतीच्या पाट्या, कुणाच्या साठीचं मानपत्र, सगळं त्याच्याकडे यायचं. ड्राफ्ट्समनच्या सवयीने तो आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं लटकवायचा.

१९८७च्या फेब्रुवारीत डॉक्टर हरीश देवस्थळींनी त्याला घरी बोलावलं. हे छातीच्या विकारांचे डॉक्टर, वयाने पद्माकरपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि वाचनाचं जबरदस्त वेड असलेले. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "पद्माकर, आपण एक साप्ताहिक काढू या. मराठी. फक्त साहित्याचं. कोण इंडियाला गेलं नि कोणाला मुलगा झाला, ते काही नको. गोष्टी, कविता, पत्रं."

"दर आठवड्याला? इथे?"

"दर आठवड्यालाच. महिन्याने आलेलं मासिक माणूस ‘वाचू सावकाश’ म्हणून बाजूला ठेवतो. आठवड्याचं वाचावंच लागतं, नाहीतर दुसरं येऊन डोक्यावर बसतं. नावही ठरवलंय. ‘थडी’. आपण या थडीला येऊन पडलोय ना." डॉक्टर पुढे झुकले. "आणि तू लिहायचंस."

त्या तीन शब्दांनी पद्माकरच्या छातीत काहीतरी उघडलं. कुणीतरी ओळखलं होतं एकदाचं. कोणत्या वहीतल्या कविता आधी द्याव्यात, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"इथे मराठी टाइप कुठे मिळणार?" डॉक्टर पुढे म्हणत होते. "तुझं अक्षर असताना टाइप हवाय कशाला? मजकूर लोक पाठवतील, मी निवडीन, तू सुवाच्य लिहून काढ. त्याचीच प्लेट करून छापू."

पद्माकरने चहा संपवला आणि होकार दिला. नाही म्हणावं असं कारण त्याच्याकडे नव्हतं, आणि जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

छपाईसाठी हायसन ग्रीनमधला एक छापखाना मिळाला. मालक हाउगेन नावाचा नॉर्वेजियन म्हातारा. लढाईनंतर काही वर्षांनी तो इंग्लंडला आला आणि इथेच राहिला. लग्नपत्रिका आणि टेकअवेचे मेन्यू छापायचा. साप्ताहिक साहित्याचं आहे हे कळल्यावर त्याने दोनदा खात्री करून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तरुणपणी मीही अशाच एका पेपरात होतो. तुमचं काम करीन मी."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पहिला अंक निघाला. चार पानं. कामाची रीत लवकरच बसली. सोमवारी डॉक्टर निवडलेलं हस्तलिखित आणून द्यायचे. बुधवारपर्यंत पद्माकर काळ्या शाईने चारही पानं लिहून काढायचा. गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती हाउगेनकडे पोचवायचा आणि शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून सगळे घड्या घालायचे, पत्ते चिकटवायचे. दुपारच्या टपालाने अंक ईलिंगला, लेस्टरला, बर्मिंगहॅमला, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये जायचे. डॉक्टरांच्या पत्नी रेखावहिनी ‘माझं माहेर’ नावाची लेखमाला लिहायच्या. पद्माकरच्या कवितेला तिसऱ्या पानाच्या तळाशी जागा होती. म्हणजे उरली तर.

तरी ते सहा महिने त्याला सुखाचे गेले, हे खरं. लिहिणारे सगळेच बेताचे होते. कुणाचं प्रवासवर्णन, कुणाची पुलावाच्या फजितीची विनोदी गोष्ट. लिहून काढताना पद्माकरला मनातल्या मनात वाटायचं, यापेक्षा आपण बरे. त्या ‘बरे’वर माणूस पुष्कळ दिवस काढू शकतो.

नोव्हेंबरात बेसिंगस्टोकहून एक जाड पाकीट आलं. सुमेधा राजहंस. वय एकतीस, नवरा कंप्यूटर कंपनीत, ती स्वतः प्रायमरी शाळेत डिनर लेडी, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणारी. अक्षर गिचमिड, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. गोष्टीचं नाव ‘आप्पांची लाँड्री’. मिरजेहून मुलाकडे राहायला आलेले आप्पा. सून-मुलगा कामावर, नातू शाळेत, घर दिवसभर गार आणि मुकं. आप्पा फिरता फिरता कोपऱ्यावरच्या, नाणं टाकून कपडे धुवायच्या लाँड्रेटमध्ये शिरतात. तिथे ऊब असते, माणसं असतात, आणि मशीनच्या गोल काचेत लोकांचे कपडे फिरताना दिसतात. मग रोजच जायला लागतात.

पद्माकर जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसला होता. पाणी प्यायला उठला आणि परत आला तेव्हा सीमा उभ्या उभ्या ते हस्तलिखित वाचत होती. आधी ती खुदकन हसली. मग खुर्ची ओढून बसली. गॅसवरचं वरण उतू गेलं तरी तिला कळलं नाही. शेवटी तिने पदराने डोळे टिपले.

"कोण हो ही?"

"असेल कुणीतरी. शुद्धलेखन बघितलंस का?"

"माझ्या नाही आलं लक्षात," सीमा म्हणाली आणि वरण पुसायला उठली.

सोळा वर्षांच्या संसारात सीमाने त्याच्या कविता ऐकल्या होत्या. ‘छान आहे’ म्हणाली होती. पण त्याच्या कुठल्याही ओळीपायी तिचं कधी काही उतू गेलं नव्हतं. पद्माकर पुन्हा लिहायला बसला. इतरांचा मजकूर त्याच्या हातातून आपोआप जायचा. ही गोष्ट जाईना. वाक्य लिहून झालं की ते किती चांगलं आहे हे कळायचं, आणि कळलं की पोटात कळ यायची. त्याच्याच शिरोरेघेवर, त्याच्याच शाईने, दुसरं कुणीतरी उभं राहत होतं.

शेवटच्या परिच्छेदापाशी तो थांबला. आदल्या परिच्छेदात आप्पा एका दुपारी खिशातलं नाणं मशीनमध्ये घालतात, कपडे न घालताच, आणि फिरणाऱ्या रिकाम्या काचेसमोर बसून राहतात. त्यानंतर सुमेधाने लिहिलं होतं की आप्पा मिरजेला परत जातात, आणि मुलगा एकदा कपडे घेऊन त्याच लाँड्रेटमध्ये जातो, वडिलांच्या खुर्चीत बसून रडतो. बाई ज्यासाठी गोष्ट लिहायला बसली, ती जागा हीच असणार, असं पद्माकरला वाटलं. पानावर पाच ओळींची जागा शिल्लक होती. परिच्छेद नीट बसला असता. त्याने तो गाळला आणि तिथे स्वतःची पाच ओळींची कविता लिहिली.

शनिवारी घड्या घालताना डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचा परिच्छेद होता ना रे एक? मुलगा रडतो तो?"

"जागा पुरली नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा वर सारून पान पुन्हा वाचलं. "बरंच झालं की," ते हळूच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एकोणीस पत्रं आली. एरवी तीन यायची. ईलिंगच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, "रिकामी मशीन फिरत राहते आणि आपण बघत राहतो. असा शेवट करायला छाती लागते." पाच ओळींच्या कवितेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पत्रांसाठी अख्खं पान द्यायचं ठरलं, आणि ते पान पद्माकरने आपल्या बक्षीसपात्र अक्षरात ओळीने लिहून काढलं.

रश्मीने तो अंक हातात घेतला. तिचं मराठी इथल्या मुलांसारखंच अडखळत चालायचं. "बाबा, हा स्टोरी तुम्ही लिहिला?"

"नाही गं. बेसिंगस्टोकच्या एका बाईंनी."

"पण हँडरायटिंग तर तुमचा आहे."

"अक्षर माझं. गोष्ट त्यांची."

"ओह," रश्मी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही. आय वॉज सो प्राउड."

दोन दिवसांनी सुमेधाचा फोन आला. पद्माकरने रिसीव्हर घट्ट धरला. आता ही भांडणार, आणि भांडली तर बरंच, असं त्याला वाटत होतं.

"भाऊजी, शेवट तुम्ही कापलात ना? डॉक्टर म्हणाले."

"जागेचा प्रश्न होता."

"असू दे हो. मला तो परिच्छेद आधीपासून खटकत होता. काढायचा धीर होत नव्हता. तुम्ही एका फटक्यात गोष्ट कुठल्या कुठे नेलीत. खरं सांगते, असा वाचक मला अजून मिळाला नव्हता. यापुढे मी पाठवीन त्यात तुम्हाला वाटेल ते कापा."

पद्माकर ‘बरं’ म्हणाला. त्याने तिच्या ताटातला घास काढून घेतला होता आणि ती त्याबद्दल त्याचे आभार मानत होती. त्या बाईचं काही वाकडं करायला जावं तर तेसुद्धा तिच्याच पथ्यावर पडतं, या विचाराने त्याची झोप उडाली.

त्या हिवाळ्यात तिच्या सहा गोष्टी आल्या. एकीपेक्षा एक सरस. जागेसाठी रेखावहिनींची लेखमाला थांबवावी लागली. वहिनी चार दिवस गप्प होत्या, मग तिच्या गोष्टींच्या त्याच पहिल्या वाचक झाल्या. वर्गणीदार एकशेऐंशीचे अडीचशे झाले. पद्माकरची कविता महिन्यातून एकदा यायला लागली, कारण जागा उरतच नव्हती.

एप्रिलमध्ये अंकाला वर्ष झालं म्हणून नॉटिंगहॅमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाचकांचा मेळावा भरला. डॉक्टरांनी सुमेधाची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. टाळ्या थांबेनात. साध्या कॉटनच्या साडीवर जाडा कार्डिगन घातलेली सुमेधा लाजून खाली बघत होती, आणि तिचं ते लाजणंही पद्माकरला सोंग वाटलं. जेवणाच्या रांगेत ईलिंगचे ते मास्तर त्याला भेटले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हीच ना निगडकर? काय मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं. सुमेधाबाईंच्या गोष्टी वाचायला फार सोपं जातं."

पद्माकर हसला. ताटातला श्रीखंडाचा गोळा त्याने तसाच टाकून दिला.

मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी तो डर्बीला गेला होता. दुपारच्या सुट्टीत एका कॅफेच्या कोपऱ्यात बसून त्याने डाव्या हाताने एक पत्र लिहिलं. शिरोरेघ मोडकी, प्रत्येक अक्षराची वेगळी. "संपादक महोदय, चौदा नोव्हेंबरच्या अंकातली ‘आप्पांची लाँड्री’ ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मासिकात मी वाचली आहे. आमच्या आईकडे त्याचे बांधीव अंक होते. तेव्हा लाँड्रेटच्या जागी पिठाची गिरणी होती. मूळ गोष्टीत शेवटी मुलगा वडिलांच्या जागी बसून रडतो. तेवढा परिच्छेद बाईंनी चलाखीने गाळला आहे. चोरी पकडली जाऊ नये म्हणून असेल. एक जुना वाचक, डर्बी."

पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. स्टेशनवर पोचेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. पण पेटीतून पत्र काही बाहेर येत नाही.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी ते पत्र टेबलावर ठेवलं. "मी हे फाडूनच टाकणार होतो. निनावी पत्राला कोण विचारतो? पण पद्माकर, शेवटचा परिच्छेद बघ. मुलगा रडतो तो. आपण तो छापलाच नव्हता. मग या माणसाला कसा कळला? म्हणजे त्याने ती गोष्ट कुठेतरी खरंच वाचली असली पाहिजे."

पत्र खरं वाटावं म्हणून पद्माकरने तो तपशील घातला होता. पण तो हस्तलिखित पाहिलेल्यालाच माहीत असणार, हे त्याला आत्ता कळलं. हस्तलिखित ज्या दोन माणसांकडे गेलं होतं त्यांपैकी एकाचा डॉक्टरांनी विचारसुद्धा केला नव्हता, आणि तो एक त्यांच्या समोर बसला होता.

"काय करायचं?" त्याने विचारलं.

"छापायचं. शेजारी तिचा खुलासा छापायचा. मी तिला लिहितो."

डॉक्टरांनी सुमेधाला खाजगी पत्र लिहिलं. "खरं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी गवगवा करणार नाही." त्यांच्या मते ते सौजन्य होतं. तिकडून उत्तर आलंच नाही. तीन आठवडे वाट पाहून डॉक्टरांनी ते निनावी पत्र एकटंच छापलं. ते लिहून काढायचं काम अर्थातच पद्माकरचं होतं. डाव्या हाताने लिहिताना जे वाकडंतिकडं, कुणा दुसऱ्याचं वाटलं होतं, ते आता त्याच्या उजव्या हातातून सरळ, देखणं होऊन पानावर उतरलं.

आणि मग आग लागली. निम्मे वाचक म्हणाले, चोर ती चोरच. निम्मे म्हणाले, निनावी पत्र छापणारा संपादक हा संपादकच नव्हे. ईलिंगच्या मास्तरांनी वर्गणी बंद केली. लेस्टरच्या लोकांनी आपली वेगळी पत्रिका काढायचं ठरवलं. सुमेधाच्या गोष्टी थांबल्या, आणि त्या थांबल्यावर लोकांच्या लक्षात आलं की अंकात वाचण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तिसऱ्या पानाच्या तळाशी आता दर आठवड्याला जागा असायची. पद्माकरची कविता सलग नऊ अंकांत आली. एकही पत्र आलं नाही.

सप्टेंबरात टपालवाल्यांचा देशभर संप झाला. त्याच्या आधी निघालेला बहात्तरावा अंक शेवटचा ठरला. संप मिटला तरी डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली नाही. "टपालाच्या संपाने ‘थडी’ बुडाली," असं सगळे म्हणायला लागले. तेच सोयीचं होतं.

हाउगेनला निरोप द्यायला पद्माकर गुरुवारच्याच वेळेला गेला. संपाचं ऐकून म्हाताऱ्याने मान हलवली. मग आतल्या खोलीतून त्याने जाड पुठ्ठ्याची एक फाइल आणली. पिवळ्या पडलेल्या कागदांवर ठसठशीत अक्षरांत नाव होतं. ‘तोर्सडाग’, म्हणजे गुरुवार.

"बर्गनचं साप्ताहिक. सत्तेचाळीस सालचं. सेहेचाळीस अंक निघाले," हाउगेन म्हणाला. "बर्गनमध्ये आजही म्हणतात, लढाईनंतर कागदाची टंचाई होती म्हणून बंद पडलं. कागद होता. कोपऱ्यात थप्पी लागली होती."

"मग?"

"दोन कवींनी मिळून काढलं होतं. जिवलग मित्र. एकाचं पुस्तक आलं, गाजलं. दुसऱ्याने आमच्याच पेपरात खोट्या नावाने त्याच्यावर लिहिलं. फार वाईट लिहिलं. मी तेवीस वर्षांचा होतो, छपाईचे खिळे जुळवायचो. मजकूर कुणाच्या हातचा आहे ते मला पहिल्या ओळीत कळलं. कुणी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दोन महिन्यांत लेखक पांगले."

"आणि ते दोघं?"

"ज्याच्यावर लिहिलं, त्याने एका तिसऱ्याच माणसावर संशय घेतला. मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही." हाउगेनने फाइल मिटली. "त्या तिसऱ्या माणसाचा चेहरा मला आठवतो. लिहिणाऱ्याचा नाही आठवत."

पद्माकरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. म्हाताऱ्याला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याला काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्याचे आभार मानून पद्माकर घाईघाईने बाहेर पडला.

त्यानंतर सहा वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले. रश्मी युनिव्हर्सिटीत गेली. पद्माकरने कविता लिहिणं सोडलं. ऑफिसात नकाशेही आता कंप्यूटरवर निघायला लागले होते आणि त्याच्या अक्षराला मुंजीच्या आमंत्रणांखेरीज कुणी वाली उरला नव्हता.

१९९४च्या ऑक्टोबरात सुमेधाचा कथासंग्रह पुण्याहून निघाला. ईलिंगमध्ये छोटा समारंभ होता आणि निगडकरांना आमंत्रण होतं. न जाण्यासाठी पद्माकरने तीन सबबी काढल्या. सीमाने एकही ऐकली नाही. "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन."

हॉल भरलेला होता. टेबलावर पुस्तकांचा ढीग होता. पद्माकरने एक उचललं, उघडलं. छापलेली अक्षरं. त्याची नाहीत. तरी पानापानावरची वाक्यं त्याच्या बोटांना पाठ होती. ‘आप्पांची लाँड्री’ रिकाम्या मशीनपाशीच संपत होती. प्रस्तावनेत एक ओळ होती: "या गोष्टीचा शेवट मला पद्माकर निगडकर यांनी दाखवला." ती त्याने दोनदा वाचली. त्याचं नाव पुस्तकात छापून येण्याची ही पहिलीच वेळ.

कार्यक्रम झाल्यावर सुमेधा स्वतःच त्याला शोधत आली. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. "भाऊजी, तुम्ही आलात ते फार बरं झालं. देवस्थळी डॉक्टरांना मी मुद्दामच बोलावलं नाही."

"का?"

"ते पत्र त्यांनीच लिहिलं होतं. दुसरं कोण लिहिणार? तो परिच्छेद माझ्या कागदाबाहेर कुठे नव्हताच. रेखाताईंची लेखमाला माझ्यामुळे बंद झाली, ते त्यांच्या मनात राहिलं असेल. वर मलाच लिहितात, कबूल करा. बाकी सगळ्यांना मी माफ केलं, त्यांना नाही जमत."

"परिच्छेद मीही वाचला होता," पद्माकर म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण बोललो.

सुमेधा हसली. "तुमच्यावर कसा संशय येईल? तुम्ही तर माझी गोष्ट सुधारलीत."

"सुधारायला नव्हता कापला. बिघडावी म्हणून कापला. आणि पत्र मी लिहिलं. डर्बीला. डाव्या हाताने."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, विरघळायला वेळ लागला. मागे कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं.

"का?" तिने विचारलं.

पद्माकरने उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. "सीमा तुमची गोष्ट वाचून रडली," एवढंच त्याला सुचलं.

सुमेधा जायला वळली, थांबली. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्या भल्या माणसाला शिव्या दिल्या. तुम्ही त्यांना सांगा. मला सांगून भागणार नाही." आणि ती पाहुण्यांकडे निघून गेली.

परतीच्या ट्रेनमध्ये त्याने सीमाला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. लेस्टर गेल्यावर म्हणाली, "डॉक्टरांकडे मी नाही येणार. तुमचं तुम्ही जा."

पुढच्या रविवारी तो एकटाच गेला. डॉक्टर बागेत पानं गोळा करत होते. दोघं आत येऊन बसले. पद्माकरने थांबत थांबत सांगितलं.

"म्हणजे तिने चोरली नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"नाही, डॉक्टर."

"आणि मी तिला लिहिलं, कबूल करा." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "‘थडी’ बुडाली त्याचं मला इतकं नाही वाटलं, पद्माकर. इतकी चांगली लिहिणारी बाई चोर निघाली, त्याने माझं वाचनावरचं मन उडालं. सहा वर्षांत मी एक मराठी पुस्तक धड वाचलेलं नाही. तुला माहीत आहे?"

पद्माकरला माहीत नव्हतं. माफी मागायचे शब्द त्याने बसमध्ये पाठ केले होते. ते त्याने म्हटले. डॉक्टरांनी ते ऐकले. ते उठले, डायरीत नंबर शोधला आणि फोन लावला.

"सुमेधाबाई, मी हरीश देवस्थळी. फोन ठेवू नका."

पद्माकर सोफ्याच्या कडेवर बसून होता. सुरुवातीला डॉक्टर अडखळत बोलत होते. मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. रेखावहिनी स्वयंपाकघरातून आल्या, नवऱ्याजवळ उभ्या राहिल्या, मग त्यांनीही रिसीव्हर घेतला आणि डोळे पुसत बोलल्या. रिसीव्हर पुन्हा डॉक्टरांकडे गेला. आता ते पुस्तकाबद्दल विचारत होते, किती गोष्टी आहेत, नव्या कोणत्या, एक प्रत लगेच पाठवा. आणि तिकडून ती काहीतरी म्हणाली आणि डॉक्टर मोठ्याने, मनापासून हसले. पद्माकरसमोर ते असे कधी हसले नव्हते.

त्याने जे करायचं ते केलं होतं. मन हलकं व्हायला हवं होतं, आणि थोडं झालंही होतं. पण त्या हसण्याबरोबर पोटात ती जुनी कळ उठली, ओळखीची, वर्षं गेली तरी तितकीच ताजी. तो उभा राहिला आणि त्याने कोट घातला.

"जेवून जा," रेखावहिनी म्हणाल्या, पण त्याच्याकडे न बघता.

"नको. सीमा वाट बघतेय."

डॉक्टरांनी फोनवर बोलता बोलताच हात वर केला. तो निरोपाचा होता की थांब म्हणायचा, हे पद्माकरला कळलं नाही. बाहेर पडून तो बसथांब्यावर आला. बस लवकर मिळाली. सिटी सेंटर येईपर्यंत तो खिडकीशी बसून एकच विचार करत होता, डॉक्टर इतके हसावेत असं तिने सांगितलं तरी काय असेल.